शेत नसलेले शेतघर

आजच्या विषयाचे नाव ऐकून काही मित्रांना नवल वाटले. पगार, बोनस आणि भविष्यनिर्वाह निधी यांच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाने फार्महाऊसवर काय बोलावे? हा तर पैसेवाल्यांचा षोक. कामगारांच्या चळवळीशी त्याचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो चांगला जवळचा आहे. हिंगण्याच्या आणि बुटीबोरीच्या कामगारांत मी गेली तीस वर्षे वावरतो आहे. दुपारच्या सुटीत डबे उघडले की पूर्वी पोरांच्या शाळेच्या आणि लेकीच्या लग्नाच्या गोष्टी निघत. त्या अजूनही निघतात. पण आता त्यांच्या जोडीला एक नवी गोष्ट आली आहे. ‘वर्धा रोडले फार्महाऊसचा प्लॉट निघाला, मिहानपासून दहा मिनिटं हाये म्हनतात, हप्त्यानं देऊन रायले. घ्यावा का भाऊ?’

ह्या प्रश्नाला हसून वाटेला लावणे सोपे आहे. मी तसे करीत नाही, कारण विचारणाऱ्याची हौस खोटी नसते. दोन खोल्यांत जन्म काढलेल्या माणसाला मोकळ्या जागेत, झाडाखाली, आपल्या हक्काच्या उंबऱ्यावर बसावेसे वाटले तर त्यात चुकीचे काही नाही. प्रश्न एवढाच की, त्याला जे हवे आहे ते नेमके काय आहे, त्याला विकले जाते ते काय आहे, आणि हवे ते मिळविण्याचा दुसरा काही मार्ग आहे की नाही. ह्या तीन गोष्टींचा उलगडा आज आपण करू.

प्रथम स्थळाविषयी थोडे सांगतो. मिहान हे नाव नागपूरकराच्या तोंडी आता इतके बसले आहे की तो एका लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा शब्द आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. विमानतळाला जोडून मालवाहतुकीचे आंतरराष्ट्रीय केंद्र आणि त्याच्या शेजारी विशेष आर्थिक क्षेत्र, अशी ही योजना. तिच्यासाठी २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव अशा गावांच्या जमिनी योजनेत आल्या, आणि एकंदर क्षेत्र चार हजार हेक्टरांच्या वर गेले. आज तेथे विमानदुरुस्तीचे केंद्र आहे, संगणकाच्या कंपन्या आहेत, एम्सचे रुग्णालय आहे, दहेगावच्या माळावर आयआयएमची इमारत उभी आहे. २०१९ मध्ये मेट्रो खापरीपर्यंत आली. डिसेंबर २०२२ मध्ये शेजारच्या शिवमडक्यापासून समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला. मिहानच्या हद्दीत सदनिकांच्या आणि बंगलेवजा घरांच्या वसाहती उठल्या. आणि हद्दीच्या बाहेर, वर्धा रोडच्या दोन्ही अंगांना, जेथे काल कपाशी आणि तूर होती तेथे लेआऊटचे चुन्याचे पट्टे आणि ‘फार्महाऊस प्लॉट’च्या पाट्या दिसू लागल्या.

आता हा शब्दच पाहा. सरकारी मराठीत फार्महाऊसला ‘शेतघर’ म्हणतात. परंतु जुन्या शेतकऱ्याला ‘तुमचे शेतघर कोठे आहे?’ असे विचारले तर तो गोंधळून जाईल, कारण आपल्या मुलखात शेतकरी शेतात राहतच नव्हता. गावाचे दोन भाग असत, पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, गावठाण. पिढ्यान्‌पिढ्यांच्या भिंतींची माती, चुलीची राख आणि माणसांचा वावर यांनी तिचा रंगच निराळा झालेला असे. काळी म्हणजे पिकाची जमीन. सकाळी माणूस पांढरीतून काळीत जाई आणि सांजेला काळीतून पांढरीत परत येई. वावरात असे ती फार तर एक खोपडी. पीक हुरड्यावर आले की जागलीपुरती, नाहीतर ओलिताचे वावर असेल तर विहिरीजवळ सालदाराच्या मुक्कामापुरती. म्हणजे शेतातले घर हे आपल्याकडे मालकाचे घर नव्हतेच. ते गड्याचे घर होते.

इंग्लंड-अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी शेतकऱ्याचे घर त्याच्या जमिनीच्या मधोमध असते. तेथून हा शब्द आला, आणि शब्दाबरोबर चित्रही आले. आपल्या पूर्वजांनी तसे का केले नाही? पाण्याची विहीर, चोराचिलटाची भीती, अडीनडीला धावून येणारा शेजार ही कारणे तर आहेतच. पण एक कारण खुद्द मातीत आहे. आपली काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात नागपूरच्या आसपासच्या वावरांत हात जाईल एवढ्या भेगा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. ज्या जमिनीची भेग एवढी, तिच्यावर उभ्या केलेल्या भिंतीचे काय होणार? कपाशीला जी माती सोन्यासारखी, तीच घराच्या पायाला वैरीण. ज्याला काळीवर घर बांधायचे आहे त्याने ती माती उपसून मुरूम भरला पाहिजे, नाहीतर पाया मातीच्या हलत्या थराच्या खाली, घट्ट जागेपर्यंत नेला पाहिजे. हा खर्च पाटीवर लिहिलेला नसतो. दोन पावसाळ्यांनंतर तो भिंतीवर तिरपा लिहिलेला दिसतो.

पांढरीतले घर कसे होते तेही आठवू. पुढे सपरी, तिच्यासमोर आंगण, आत माजघर, बाजूला गुरांचा कोठा आणि मागे सांदवाडी. ह्यांतला एकही भाग शोभेचा नव्हता. आंगणात तुरी आणि ज्वारी वाळत, उन्हाळ्यात खाटा पडत, लग्नाचा मांडवही तेथेच घातला जाई. सपरीत आल्यागेल्याची बैठक. सांदवाडीत न्हाणीचे पाणी केळीला आणि धोप्याला जाई. मातीच्या जाड भिंतीला तापायला दुपार लागे आणि निवायला रात्र पुरे. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाई. सपरीच्या छायेमुळे ऊन भिंतीपर्यंत पोचतच नसे. पंचेचाळीस-सेहेचाळीस अंशांच्या मे महिन्यात माणसे त्या घरात नुसती तगत नसत, झोपतही असत.

आज जे फार्महाऊस धर्तीचे घर बांधतात त्यात हे सर्व भाग आहेत; फक्त त्यांची कामे गेली आहेत. सपरीचा व्हरांडा झाला आणि त्यात झोपाळा आला. आंगणाचे लॉन झाले. कोठ्याच्या जागी मोटार उभी राहते. एका ठिकाणी तर बंडीचे चाक रंगवून, पॉलिश करून भिंतीला टेकविलेले मी पाहिले. फाटकावरचा राखणदार त्या चाकाकडे बोट दाखवून म्हणाला, ‘असल्या चाकाले आमचा बा वंगण देत होता.’ त्याच्या बोलण्यात राग नव्हता, कौतुकच होते. ते ऐकून मला मात्र वाटले की, ज्या वस्तूंनी एकाला राबविले त्याच वस्तू दुसऱ्याला विसावा देतात, हे ह्या साऱ्या आकर्षणाचे मर्म आहे.

हे आकर्षण आले कोठून? माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे तीन थर आहेत. पहिला थर प्रतिष्ठेचा. नागपुरात मोकळी जागा ही सत्तेची खूण राहिली आहे. भोसल्यांच्या काळी तेलंगखेडी, सक्करदरा, सोनेगाव येथे बागा आणि तलाव झाले. पुढे इंग्रजांनी १८५४ मध्ये राज्य खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांताची राजधानी येथे आणली. तेव्हा सिव्हिल लाईन्समध्ये एकेका साहेबासाठी एकेक बंगला आणि त्याच्याभोवती एकेक रान उभे राहिले. महालात आणि इतवारीत माणूस माणसाला चिकटून राहत असता, तिकडे बंगल्याच्या फाटकापासून दारापर्यंत चालत जायला वेळ लागे. मोठा माणूस तो, ज्याच्या घराला अंतर आहे, ही समजूत तेव्हापासून आपल्या मनात घर करून आहे.

दुसरा थर आठवणीचा. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि चहूबाजूंच्या गावांतून माणसे नागपुरात आली. त्यांची मुले, नातवंडे म्हणजे आजचे नागपूरकर. आजोबा गावचे आंगण सोडून चाळीत आले, बाप चाळीतून दोन खोल्यांत आला, मुलगा दोन खोल्यांतून चौथ्या मजल्यावर गेला. प्रत्येक पायरीवर नळ, वीज, संडास अशा सोयी वाढल्या, ही खरोखर मोठी कमाई आहे आणि ती मी कमी लेखणार नाही. पण प्रत्येक पायरीवर आंगण थोडेथोडे कमी होत गेले. २०२० च्या टाळेबंदीत घरोघर माणसे कोंडली गेली तेव्हा ह्या उणिवेची जाणीव सर्वांना एकदमच झाली. ज्याला चार पावले मोकळी जागा होती तो सुखी, एवढी साधी कसोटी त्या दिवसांत होती.

तिसरा थर वेळेचा, आणि माझ्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा. फार्महाऊस हे रविवारचे घर आहे. ज्याला रविवार नाही त्याला ते घेऊन उपयोग नाही. आता रविवार हा काही पंचांगातून आलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे ह्या मुंबईच्या गिरणीतल्या माणसाने कामगारांच्या सभा भरविल्या, अर्ज केले, वर्षानुवर्षे झगडा केला आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली. पुढे कायद्याने कामाचे तास ठरले. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. म्हणजे फार्महाऊसच्या झोपाळ्यावर बसणारा गृहस्थ त्याला माहीत असो वा नसो, लोखंड्यांच्या चळवळीवर बसलेला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली, आठवड्याचे ४८ तास कायम ठेवून. हिशेब कागदावर जुळतो. परंतु बारा तास यंत्रापुढे उभा राहिलेला आणि दोन तास येण्याजाण्यात घालविलेला माणूस घरी येतो तेव्हा त्याला आंगण असले काय आणि नसले काय, सारखेच. मोकळी जागा आणि मोकळा वेळ ही जोडी आहे. एकावाचून दुसरे निरुपयोगी आहे.

कष्टकऱ्याला ही जोडी मिळावी असा विचार जगात पुष्कळांनी केलेला आहे, आणि त्यांचे अनुभव आपल्या कामाचे आहेत. इंग्लंडात एबेनेझर हॉवर्ड नावाचा एक मनुष्य होऊन गेला. पंधराव्या वर्षी शाळा सुटलेली, तरुणपणी अमेरिकेत शेती करून पाहिली ती फसली, आणि पुढे पार्लमेंटात लघुलेखक म्हणून पोट भरीत असे. १८९८ मध्ये त्याने एक पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे असे : शहरात काम आहे पण हवा नाही, खेड्यात हवा आहे पण काम नाही, तर दोहोंचा संगम होईल अशी बागांची नगरे का बांधू नयेत? १९०३ मध्ये लंडनच्या उत्तरेला लेचवर्थ येथे असे नगर बांधायला सुरुवात झाली. पण हॉवर्डची खरी गोम बागेत नव्हती. नगराची सारी जमीन सामाईक असावी, आणि वस्ती झाल्यामुळे तिची जी किंमत वाढेल ती कोण्या एका मालकाच्या खिशात न जाता नगराच्याच उपयोगी पडावी, हा त्याचा मूळ मुद्दा होता. जगाने त्याची बाग उचलली आणि सामाईक मालकी सोडून दिली. बागेची चित्रे छापलेल्या आजच्या जाहिराती पाहिल्या की मला ह्या लघुलेखकाची आठवण होते.

जर्मनीत दुसरी पद्धत आहे. तेथे शहरांच्या कडेला लहान लहान बागांच्या वसाहती असतात. जमीन विकत मिळत नाही, भाड्याने मिळते. १९८३ च्या कायद्याप्रमाणे एका बागेचे क्षेत्र साधारणपणे ४०० चौरस मीटरांच्या आत, तिच्यातली खोली फार तर २४ चौरस मीटर, आणि तेथे कायम राहायचे नाही. भाजी लावायची, फुले लावायची, संध्याकाळी घरी जायचे. रशियात दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांच्या आणि कामगार संघटनांच्या मार्फत लाखो कुटुंबांना शहराबाहेर ६०० चौरस मीटरांचे तुकडे मिळाले. तेथे त्यांनी बटाटे लावले आणि फळ्यांच्या खोल्या बांधल्या. टंचाईच्या वर्षांत त्या बटाट्यांनी घरे तारली. ह्या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. तुकडा लहान, घर त्याहून लहान, आणि हातात कुदळ.

आपल्याही नागपुरात असा एक प्रयोग झाला होता हे आज फार थोड्यांना ठाऊक आहे. एम्प्रेस मिलने कामगारांसाठी इंदोऱ्याला एक आदर्श वस्ती वसविण्याचे ठरविले होते. चाळ न बांधता कामगाराला प्लॉट आणि कर्ज द्यायचे, त्याने आपले घर आपण बांधायचे, आणि प्लॉटचा बराच भाग मोकळा ठेवायचा, अशी ती कल्पना. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या शाही कामगार आयोगाच्या अहवालात तिची दखल घेतलेली आहे. गिरणीकामगाराला आंगण मिळावे ही गोष्ट नव्वद-शंभर वर्षांपूर्वी ह्याच शहरात शक्य कोटीतली मानली गेली होती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. एम्प्रेस मिल पुढे बंद पडली, आणि तिच्या जागेवर आज मॉल उभा आहे.

आता मिहानकडे पुन्हा वळू, कारण तेथे ह्या गोष्टीची दुसरी बाजू आहे. काळीची पांढरी झाली की जमिनीची किंमत अनेक पटींनी वाढते. ती वाढ कोणाच्या कष्टाने होते? रस्ता, मेट्रो, रुग्णालय, विमानतळ ही सार्वजनिक कामे आहेत. ती सर्वांच्या पैशाने होतात. पण वाढीव किंमत मात्र सर्वांना मिळत नाही. मिहानसाठी जमिनी गेल्या त्या मुख्यतः १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्याच्या अमलात गेल्या. मोबदल्याचे आणि पुनर्वसनाचे वाद वर्षानुवर्षे चालले. शिवणगावच्या लोकांना चिंचभुवनला प्लॉट देण्यात आले. प्लॉट मिळाला, घरही होईल. पण कोठा आणि सांदवाडी त्यात मावत नाहीत. ज्याच्याजवळ खरोखर शेत होते आणि शेतावर उभे राहून ‘हे माझे’ म्हणण्याचा अधिकार होता, तो गेला लेआऊटमधल्या प्लॉटवर. आणि लेआऊटमधला माणूस शेतावरच्या घराची स्वप्ने पाहत त्याच्या जुन्या शिवाराच्या शेजारी आला. दोघेही एकाच रस्त्याने उलटसुलट गेले, आणि दलाली मात्र दोन्ही खेपांना तिसऱ्याला मिळाली.

हे असेच व्हावे लागते असे नाही. पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्याच्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, कंपनी काढली, आणि जमिनीच्या प्रमाणात भाग घेऊन त्यावर स्वतःच नगर वसविले. २००० च्या सुमारास कामाला सुरुवात झाली. शेतकरी जमीन विकून मोकळा झाला नाही, तर नगराच्या उत्पन्नाचा भागीदार राहिला. मी ह्या प्रयोगाला सर्व गुण देत नाही. भाग जमिनीच्या प्रमाणात असल्यावर ज्याला जमीनच नव्हती त्या शेतमजुराला भाग कशाचा मिळणार? तरीसुद्धा काळीची पांढरी होताना काळीचा धनी बाहेर फेकला जाणे अटळ नाही, एवढे त्याने दाखवून दिले.

आता ज्याला प्लॉट घ्यायचाच आहे त्याच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. ‘फार्महाऊस प्लॉट’ असे म्हटल्याने प्लॉट फार्महाऊसचा होत नाही. शेतजमिनीवर शेतघर बांधायचे तर आपल्याकडे किमान ०.४ हेक्टर, म्हणजे जवळजवळ एक एकर जमीन लागते. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. ज्या पाच हजार फुटांच्या तुकड्याला फार्महाऊस म्हणून विकतात तो एकराचा आठवा हिस्सासुद्धा पुरता होत नाही. दुसरे, विदर्भाच्या १९५८ च्या कूळकायद्याप्रमाणे जो शेतकरी नाही त्याला परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात वेळोवेळी सवलती झाल्या, पण ‘दहा जणांची नावे एकाच सातबाऱ्यावर चढवून देतो’ असे कोणी म्हणाले तर समजावे की आपल्याला जमीन मिळत नसून नऊ भागीदार मिळत आहेत. जमीन निवासी क्षेत्रात आहे काय, लेआऊटला नियोजन प्राधिकरणाची मंजुरी आहे काय, हे स्वतः कचेरीत जाऊन पाहावे. नागपुरात विनामंजुरीच्या लेआऊटांचा इतिहास मोठा आहे. शेकड्यांनी लेआऊट नियमित करून घेण्यासाठी लोकांना वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागले, आणि त्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारीचा वेगळा कायदा करावा लागला. भविष्यनिर्वाह निधीचा पैसा हा म्हातारपणाची काठी आहे. तो काढून तोंडी शब्दावर जमीन घेऊ नये.

तिसरी गोष्ट पाण्याची. नागपूरच्या ह्या दक्षिण-पश्चिम अंगाला खाली काळा पाषाण आहे. पाणी त्याच्या फटींत असते. फट लागली तर पाणी, न लागली तर धूळ. आणि मिळालेले पाणी जाते कोठे? हजार चौरस फुटांच्या लॉनचा हिशेब करू. मे महिन्यात गवताला दिवसाला सहा मिलिमीटर पाणी धरले तर रोज साडेपाचशे लिटरांच्या वर पाणी लागते. खेड्यात माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळावे असे सरकारी मान आहे. म्हणजे एवढेसे लॉन रोज दहा माणसांचे पाणी पिते, आणि ते पाणी शेजारच्या गावाच्या विहिरीखालूनच येते. त्यापेक्षा एक कडुनिंब लावावा. दोन-तीन उन्हाळे त्याला हाताने पाणी घातले की पुढे तो आपले पाणी आपण शोधतो, आणि सावलीही देतो. लॉन सावली देत नाही.

चौथी गोष्ट खुद्द घराची. ज्याला शेतघराचा थंडावा हवा आहे त्याने काचेच्या भिंती आणि उघडा स्लॅब यांच्या नादी लागू नये. ह्याच वर्धा रोडने पुढे सेवाग्राम आहे. गांधीजी १९३६ मध्ये तेथे, म्हणजे तेव्हाच्या शेगावात, राहायला गेले. माती, बांबू, कवेलू अशा जवळ मिळणाऱ्या सामानातून बांधलेली बापू कुटी आजही पाहायला मिळते. तिच्यात विकत घेण्यासारखे असे जवळजवळ काही नाही. पण उन्हाळ्याच्या दुपारी आत जाऊन बसावे म्हणजे छाया आणि माती यांची किंमत कळते.

शेवटी मूळ प्रश्नाकडे येतो : हवे ते मिळविण्याचा दुसरा मार्ग आहे काय? आहे, आणि तो आपल्या दाराजवळच आहे. ०.४ हेक्टरांहून मोठ्या लेआऊटमध्ये किमान दहा टक्के जागा सर्वांच्या उपयोगासाठी मोकळी ठेवावी लागते, असा नियम आहे. ही दहा टक्के जागा नकाशावर हिरव्या रंगाने दाखविलेली असते. प्रत्यक्षात तेथे पुष्कळदा कचऱ्याचा ढीग, विटांचे चट्टे, नाहीतर कोणाची तरी चढाई दिसते. वास्तविक ती आपल्या साऱ्या लेआऊटची सपरी आणि आंगण आहे. पन्नास घरांनी मिळून तिला तारेचे कुंपण घातले, चार कडुनिंब आणि दोन चिंचा लावल्या, एका कोपऱ्यात भाजीचे वाफे केले, म्हाताऱ्यांसाठी ओटा बांधला, तर प्रत्येकाला फार्महाऊसहून जवळचे आणि रोजच्या उपयोगाचे काही तरी मिळेल. दर रविवारी तीस मैल जायला नको, राखणदार नको, आणि शेजार फुकट मिळेल. पांढरीत जुन्या माणसांनी राखले होते ते हेच.

ह्याला दोन गोष्टी लागतील. एक म्हणजे संघटना. ती कशी बांधतात हे कामगारांना शिकवायची गरज नाही. फाटकावर जे करतो तेच घराकडे येऊन करायचे आहे. आपल्या लेआऊटचा मंजूर नकाशा काढून आणावा, मोकळ्या जागेची मोजणी करून घ्यावी, आणि ती जागा राखण्यासाठी लेखी मागणी करावी. मिहानमध्ये आणि बुटीबोरीत जे नवे कामगार येत आहेत, त्यांतले पुष्कळसे कंत्राटी आहेत आणि एका खोलीत चौघे-पाच राहतात. त्यांच्या वसतीच्या मागणीत खोलीबरोबर मोकळ्या जागेचे आणि झाडाचे कलम घालावे. आणि दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. आठ तासांचे काम आणि आठवड्याची सुटी यांच्यावर कोणी हात टाकू लागला तर तो आपल्या आंगणावरच हात टाकतो आहे असे समजावे. ज्यांना साधेल त्यांनी खुशाल शेतघर बांधावे. ज्यांना ते कधीच साधणार नाही, त्यांच्या आंगणाची तजवीज शहरातच केली पाहिजे, आणि ते काम ह्या सभागृहातून घरी जाताना आपापल्या लेआऊटच्या त्या हिरव्या तुकड्याकडे एकदा पाहण्यापासून सुरू होऊ शकते.